कामाच्या जागेवरील प्रथमोपचार पेटी : भरणी आणि निगा

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिगत आली आहे. अतिसाराने खंगलेला हा भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि सोबतच्या भिक्खूंपैकी कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह निवासस्थाने पाहत फिरत असता तेथे आले. त्यांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजविले. इतर भिक्खूंना कारण विचारले तेव्हा उत्तर आले की, हा आमच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून आम्ही त्याची शुश्रूषा करीत नाही. ही गोष्ट वर्षावासातील प्रवचनांतून आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्या पुढेच येणारा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत, हे तेथे मोजून दिले आहे. औषध तयार करता यावे. रुग्णाला हितकर काय व अहितकर काय हे ओळखून अहितकर दूर करावे आणि हितकर जवळ आणावे. सेवा लोभाने नव्हे, मैत्रीभावाने करावी. मलमूत्राची, वांतीची किळस धरू नये. आणि धम्मकथेने त्याला धीर देता यावा.

यांपैकी दुसरा गुण हाच या लेखाचा विषय आहे. हितकर जवळ असणे आणि अहितकर दूर असणे, कामाच्या जागी भिंतीवर टांगलेल्या त्या पांढऱ्या पेटीकडून याहून वेगळी अपेक्षा नाही.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी कोणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कोणी महानगरपालिकेच्या घनकचरा खात्यात, कोणी एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर, वेल्डर, हेल्पर म्हणून राबतात. कोणी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात, जिथे आठ-दहा माणसे, दोन पॉवर प्रेस आणि एक ग्राइंडर एवढाच पसारा असतो. यांपैकी कोणत्याही ठिकाणची पेटी उघडून पाहावी. बहुतेक ठिकाणी ती कुलूपबंद असते आणि किल्ली ऑफिसात, म्हणजे रात्रपाळीला ती कोणालाच मिळत नाही. उघडली तर आत कापसाचा पिवळा पडलेला गठ्ठा, गंजलेली कात्री, तळाला घट्ट झालेली औषधाची बाटली, डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि कोणाचे तरी चहाचे पैसे सापडतात. पेटी आहे, पण भरलेली नाही. भरलेली असली तर योग्य वस्तूंनी नाही. तपासणी अधिकारी येतो तेव्हा ती असली की काम भागते, असे मालकही समजतो आणि कामगारही.

ही पेटी म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराची सुरक्षितता, आरोग्य आणि विमा हे सरकारने पाहावयाचे प्रश्न आहेत, ही भूमिका त्या काळात दिल्लीत ठामपणे मांडली गेली. कारखान्यात आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९४६ च्या दुरुस्तीने आली. पुढे संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती राखण्याची जबाबदारी राज्यावर टाकण्यात आली. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील ४५ वे कलम प्रथमोपचाराविषयी होते. दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी किंवा कपाट असावे, ते कामाच्या वेळेत सहज हाती लागावे, ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज त्यात दुसरे काही ठेवू नये आणि प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, असे ते कलम सांगे. ५०० हून अधिक कामगार असतील तेथे स्वतंत्र उपचार खोली बंधनकारक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० लागू झाली. पेटीची तरतूद संहितेतही आहे. मात्र विजेवर चालणारी जागा 'कारखाना' ठरण्यासाठी १९४८ च्या मूळ कायद्यात दहा कामगार पुरत, संहितेत वीस लागतात. पॉवर प्रेसला हा आकडा माहीत नसतो. चार माणसांच्या गाळ्यातही बोट तितकेच तुटते. तेव्हा कायदा आपल्या जागेला कोणत्या व्याख्येत बसवतो याची वाट न पाहता पेटी मागावी, आणि मिळेपर्यंत वर्गणी काढून आपली ठेवावी.

आता पेटीत काय असावे याकडे वळू. पंधरा-वीस माणसांच्या कामाच्या जागेसाठी साधारण एवढे सामान पुरेसे होते : निर्जंतुक ड्रेसिंगची बंद पाकिटे, लहान बारा, मध्यम सहा व मोठी सहा; भाजलेल्या जागेवर ठेवण्यासाठी न चिकटणारी ड्रेसिंग सहा; निरनिराळ्या रुंदीची गुंडाळी बँडेज बारा; दोन क्रेप बँडेज; चार त्रिकोणी पट्ट्या, म्हणजे हात गळ्यात बांधायची झोळी; चिकटपट्टीचे एक रीळ व लहान पट्ट्यांचा एक डबा; बोथट टोकाची कात्री; चिमटा; सेफ्टी पिना; पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली; रबरी हातमोज्यांचे सहा जोड; साबण; ओआरएसची पाकिटे; आणि स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशव्या. शेवटच्या वस्तूचे नवल वाटेल. तिचा खुलासा पुढे येतो.

रक्त वाहत असेल तर पेटीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे जाड ड्रेसिंग, आणि तिच्यावर दाबून धरलेला तळहात. औषध नंतर. जखमेवर थेट, घट्ट आणि न सोडता दाब द्यावा. ड्रेसिंग भिजले तर ते काढू नये, त्यावरच दुसरे ठेवून दाबत राहावे. दर मिनिटाला उचलून 'थांबले का' म्हणून पाहण्याची आपल्याला फार खोड असते, आणि त्यानेच धरू लागलेली गुठळी सुटते. किरकोळ खरचटले असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवून पट्टी लावावी. हळद, चहापूड, तंबाखू, चुना, मशीनचे ग्रीस यांपैकी काहीही जखमेत भरू नये. रक्त थांबल्यासारखे दिसते, पण डॉक्टरला आधी ते सारे खरवडून काढावे लागते. गंजका खिळा किंवा पत्रा लागला असेल तर जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा.

प्रेसखाली बोट तुटून पडते, तेव्हा सगळे जखमी माणसाकडे धावतात आणि बोट मशीनपाशी राहून जाते. किंवा कोणी तरी ते बर्फाच्या पाण्यात बुडवून घेऊन येतो. दोन्ही चुकीचे. तुटलेला भाग शोधावा. तो घासू नये, त्याला औषध लावू नये. पाण्याने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ-पाणी भरलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श होता कामा नये, त्याने पेशी मरतात. पिशवीवर नाव व वेळ लिहून ती जखमी माणसाबरोबरच रुग्णालयात पाठवावी. बोट पुन्हा जोडता येईल की नाही ते शल्यचिकित्सक ठरवील, पण दोन पिशव्यांअभावी ती संधी जाऊ नये. उजव्या हाताची दोन बोटे गेलेला टर्नर पुन्हा लेथवर उभा राहू शकत नाही, आणि त्याच्या मुलांच्या शिक्षणाचे काय होते ते आपल्या वस्तीत कोणाला सांगावे लागत नाही.

भाजण्याच्या बाबतीत पेटीपेक्षा नळ मोठा. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून वीस. कारण दोन मिनिटांतच माणसाला बरे वाटू लागते आणि तो हात काढून घेतो. सूज येण्याआधी अंगठी, घड्याळ, कडे उतरवावे. अंगाला चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप यांना जवळ येऊ देऊ नये. फोड फोडू नयेत. नंतर न चिकटणारे ड्रेसिंग सैल ठेवावे. भाजलेल्या वा उघड्या जखमेवर कापूस कधीही ठेवू नये, त्याचे तंतू आत रुततात. माझ्या मते कापसाचा तो मोठा निळा पुडाच पेटीतून काढून टाकावा, म्हणजे मोहच होणार नाही.

इलेक्ट्रोप्लेटिंग, बॅटरी किंवा रंगाच्या कामात ॲसिड वा अल्कली डोळ्यात उडाली तर पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटे सतत पाणी ओतावे, आणि मगच रिक्षा शोधावी. आधी डॉक्टर, मग पाणी, हा क्रम डोळा घालवतो. अशा ठिकाणी पेटीच्या शेजारी स्वच्छ पाण्याची सोय नसेल तर पेटी अपुरीच समजावी. ग्राइंडरचा कण बुबुळात रुतला असेल तर काडीने किंवा रुमालाच्या टोकाने तो काढणारे 'तज्ज्ञ' प्रत्येक कारखान्यात असतात. त्यांचा हात नम्रपणे पण नक्की धरावा. डोळा न चोळता झाकून रुग्णालयात न्यावे. वेल्डिंगची आर्क लागली म्हणून पेटीतले कसले तरी जुने थेंब घालू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते आणि बुबुळावर जखम किंवा जंतुसंसर्ग असेल तर ते घातक ठरते.

आता अहितकर दूर करण्याविषयी. अनेक राज्यांच्या जुन्या कारखाना नियमांतील यादीत सर्पदंशाची जागा कापण्यासाठी लॅन्सेट आणि पोटॅशियम परमँगनेटचे खडे यांचा समावेश असे. ज्या काळी ती यादी झाली त्या काळी तसाच समज होता. आज वैद्यकशास्त्र सांगते की दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, खडेही भरू नयेत; माणसाला धीर देऊन, चावलेला हात किंवा पाय न हलविता, सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. तेव्हा हे सामान पेटीत सापडले तर काढावे. गोळ्याही काढाव्यात. पोटदुखीची, तापाची, 'सूज उतरवायची' गोळी कोणाला मानवते आणि कोणाला नाही, हे पेटी सांभाळणाऱ्याला ठाऊक नसते. शिवाय पेटीत गोळ्या असल्या की पेटी रोज उघडली जाते, वस्तू इकडेतिकडे होतात आणि अपघाताच्या दिवशी कात्री सापडत नाही. ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काही ठेवू नये असे कायदा म्हणत होता, त्यात मोठा व्यवहार होता.

निगा राखण्याचे काम भरणीपेक्षा कंटाळवाणे, म्हणून तेच राहून जाते. विनयात याचाही एक मासला आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भिक्खूंना अनुज्ञात होती. पण ती मिळाल्यापासून सात दिवसांपेक्षा अधिक काळ साठवू नयेत असा नियम झाला. नियमामागची हकिगतही दिली आहे. भांडी भरभरून साठवण झाली, ती पाझरू लागली आणि विहारात उंदरांचा सुळसुळाट झाला. औषधाला मुदत असते आणि साठवण म्हणजे तयारी नव्हे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांना कळले त्यांच्या अनुयायांच्या पेट्यांत मुदत संपलेली बाटली असू नये.

दर महिन्याच्या एक तारखेला पेटी पूर्ण रिकामी करावी. वरवर चाळू नये. सारे सामान टेबलावर काढावे. यादीशी ताडून पाहावे. प्रत्येक पाकिटाची मुदत वाचावी, पण केवळ मुदतीवर विसंबू नये. पावसाळ्यात दमट हवेने पाकिटाचा कागद मऊ पडतो, फुगतो, कडेला सुटतो. पाकीट एकदा भिजले किंवा फाटले की आतले ड्रेसिंग निर्जंतुक राहत नाही, मग तारीख पुढच्या वर्षाची का असेना. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली चिकटपट्टीचा गोंद वितळतो आणि नंतर ती चिकटतच नाही. तिचा एक तुकडा फाडून पाहावा. बाटली ज्या दिवशी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी. कात्रीने बँडेज कापून पाहावे. कात्री पुठ्ठा कापायला कोणी नेली असेल तर ती लगेच कळते! वापरलेली वस्तू त्याच दिवशी भरून ठेवावी, महिनाअखेरीची वाट पाहू नये.

पेटीची जागाही निगेचाच भाग आहे. ती भट्टीजवळ, संडासाच्या भिंतीला किंवा ऑफिसच्या कपाटात नसावी. धूळ न शिरणारी, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, हात पुरेल अशा उंचीवर असावी. कुलूप नको. चोरी होते म्हणून कुलूप लावतो, असे मालक म्हणतो. त्यावर उपाय म्हणून कागदाची एक पट्टी चिकटवून तीवर सही करावी. पट्टी फाटलेली दिसली की पेटी उघडली गेली हे कळते, आणि फाडायला अर्धा सेकंदही लागत नाही.

पेटीबरोबर एक वही असावी आणि ती दोरीने बांधलेली असावी. तारीख, वेळ, जखमीचे नाव, कोणत्या मशीनवर काय झाले, काय वापरले, कोणी उपचार केला आणि पुढे कोणत्या रुग्णालयात पाठवले, एवढे तीत लिहावे. या वहीचे मोल मला पेटीइतकेच वाटते. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन महिन्यांनी 'हा अपघात आमच्याकडे झालाच नाही' असे उत्तर मिळते. नुकसानभरपाईचा दावा असो की कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ, त्या दिवशीच्या शाईत, साक्षीदाराच्या सहीनिशी केलेली नोंद हा पुरावा होतो. छोटी जखमही लिहावी, कारण तीच पुढे चिघळते. आणखी एक फायदा म्हणजे सहा महिन्यांची वही चाळली की एकाच मशीनवर पाच जणांचे हात कापलेले दिसतात. मग बँडेज वाढवायचे की त्या मशीनला गार्ड बसवायचे, हा प्रश्न युनियनला लेखी विचारता येतो.

सफाई खात्यातील बंधुभगिनींसाठी वेगळे लिहिणे जरूर आहे. हजेरी चौकीतील पेटीत हातमोजे व साबण अधिक लागतात. कचऱ्यातली इंजेक्शनची सुई टोचली तर ती जागा लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. पिळू नये, तोंडाने चोखू नये, ब्लेडने कापू नये. मुकादमाला सांगून वहीत नोंद करावी आणि त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांच्या आत, सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही टाळण्यासाठी द्यावयाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. लाजेपोटी पाळी संपेपर्यंत गप्प बसणे महागात पडते. कावीळ ब ची लस प्रत्येकाने आधीच घेतलेली असावी. ती मिळत नसेल तर तशी लेखी मागणी करावी.

गटारात किंवा सेप्टिक टाकीत गुदमरलेल्या माणसासाठी मात्र कोणत्याही पेटीत काही नाही. आतला वायू दिसत नाही, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासही जाणवेनासा होतो. एक खाली कोसळला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही कोसळतो, मग तिसरा. उतरू नये. १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे, झाकणे उघडी ठेवावीत, लोकांना बाजूला करावे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला अशा ठिकाणी उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली होती, ती ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख केली. वारसांना हे सांगणारा माणूस वस्तीत असावा.

विजेच्या धक्क्याचेही तसेच. आधी मेन स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. तो हाका मारून उत्तर देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत माणसे बदलत ते चालू ठेवावे. हे वाचून येत नाही, हाताने शिकावे लागते. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि भारतीय रेडक्रॉस सोसायटी यांचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात व प्रमाणपत्र मिळते. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधील आपल्या विद्यार्थ्यांनी नोकरीला लागण्यापूर्वीच ते घ्यावे. पेटीचा ताबा कोणाकडे द्यायचा असा प्रश्न कारखान्यात निघतो तेव्हा प्रमाणपत्र असलेला माणूस पुढे होतो, आणि पेटी ज्याच्या ताब्यात असते त्याला रोज व्यवस्थापनाशी बोलण्याचे एक कारण मिळते. प्रत्येक पाळीला असा एक तरी माणूस हवा. दिवसपाळीचा प्रमाणपत्रधारक रात्री दोन वाजता घरी झोपलेला असतो.

शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूस एक पुठ्ठा चिकटवावा. त्यावर मराठीत व हिंदीत, दुरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहावे : रुग्णवाहिका १०८, जवळच्या सरकारी व विमा रुग्णालयाचे नाव आणि तेथे जाण्याचा रस्ता, गाळ्याचा पूर्ण पत्ता, कारण घाबरलेल्या माणसाला फोनवर तोच आठवत नाही, प्रत्येक पाळीच्या प्रथमोपचारकाचे नाव, पेटीतील सामानाची यादी, आणि सर्वांत खाली, पेन्सिलीने, पेटी शेवटची तपासल्याची तारीख.